एवढ्या वेगवान गाडीला गतिरोधक का झेपत नाही?

रविवारी सकाळी वरळीला किंवा बाणेरच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी हे हमखास दिसतं. दोन कोटींच्या घरातली एक बुटकी, रुंद गाडी गतिरोधकापाशी येऊन जवळजवळ थांबते. चालवणारा तिचं तोंड तिरकं करतो, एकेक चाक जपून चढवतो आणि उतरवतो. मागची रिक्षा तोवर बाजूने निघून गेलेली असते. बघणाऱ्याला प्रश्न पडतोच: ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावू शकणाऱ्या गाडीला डांबराचा एवढासा उंचवटा का अडवतो?

अशा गाड्या बाळगणाऱ्यांशी बोललं की आणखी तक्रारी बाहेर येतात. महिना-दीड महिना उभी राहिली की गाडी सेल्फला दाद देत नाही. सकाळचा पहिला ब्रेक किंचाळतो. बेसमेंटमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं टकटक उडतात. पहाटे सुरू केली की शेजारी जागे होतात, बंद केली तरी पंखा फिरतच राहतो. यातलं एकही दुखणं मोठं नाही. पण ती रोज समोर येतात आणि कित्येक मालक त्यांना बिघाड समजून गॅरेजमध्ये खेटे घालतात.

माझ्या मते यातल्या बहुतेक कटकटी वेगाच्या पोटी जन्मलेल्या आहेत. स्पोर्ट्स कारचा प्रत्येक भाग विशिष्ट वेग, विशिष्ट तापमान आणि विशिष्ट रस्ता गृहीत धरून बनवलेला असतो. सोसायटीच्या फाटकाशी यातलं एकही नसतं. हे एकदा समजलं की कुठली कटकट सोडून द्यायची आणि कुठली मनावर घ्यायची, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. उदाहरणासाठी मी पोर्शे ९११ घेतो. १९६३ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आलेली ही गाडी आजही बनते आणि रोजच्या वापरात दिसणाऱ्या स्पोर्ट्स कारपैकी ती एक आहे. बाकी त्यामागचं विज्ञान तुमच्या-आमच्या गाडीलाही तसंच लागू आहे.

पोट का घासतं?

आधी गाडी इतकी बुटकी का ठेवतात ते पाहू. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातं आणि आतली चाकं हलकी होतात. हलक्या झालेल्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते. किती वजन सरकणार, हे गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे यावर ठरतं. तो जितका खाली, तितकी चारही चाकं कामाला लागतात. दुसरं कारण हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. गाडीखाली जास्त हवा शिरली तर वेगात ती गाडीला वर उचलू पाहते, म्हणून गाडी आणि रस्ता यांच्यात मोकळी जागा कमीत कमी ठेवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटीमीटर उंच असतं, ९११चं साधारण ११-१२ सेंटीमीटर.

पण नुसती उंची सगळं सांगत नाही. पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून किती लांब आहेत तेही पाहावं लागतं. ९११मध्ये हे अंतर सुमारे २.४५ मीटर आहे. आता भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचं जे माप ठरवून दिलं आहे ते पाहा: १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. हा गतिरोधक गाडीच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद आहे. त्यामुळे गाडी त्याच्या माथ्यावर असताना दोन्हीकडची चाकंही उंचवट्यावरच असतात आणि गाडी आपोआप वर उचलली गेलेली असते. भूमितीने हिशेब केला तर मधल्या भागाला चाकांच्या रेषेच्या वर साडेचार सेंटीमीटरपेक्षाही कमी जागा लागते. ९११कडे त्याच्या अडीच पट जागा आहे. नियमाने बांधलेला गतिरोधक ती बिनघोर ओलांडते.

आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र बरेचदा जेमतेम मीटरभर रुंद असतो आणि उंची १५ सेंटीमीटर. पुढची चाकं तो ओलांडून पलीकडे सपाट रस्त्यावर उतरतात, मागची अजून अलीकडे सपाट रस्त्यावरच असतात, आणि उंचवटा दोहोंच्या मधोमध उभा राहतो. आता पूर्ण १५ सेंटीमीटर जागा हवी. ९११कडे ती नाही. थोडक्यात, अडवणूक उंचीपेक्षा अरुंदपणाची आहे. असा गतिरोधक रुग्णवाहिकेतल्या पेशंटलाही हादरा देतो आणि दुचाकीवरच्या गरोदर बाईलाही. म्हणून मला हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या गाड्यांचा वाटत नाही.

पुढच्या बंपरचं गणित वेगळं. पुढच्या चाकांच्या पुढे गाडीचं नाक बरंच बाहेर आलेलं असतं, त्यामुळे चाक चढायच्या आधी नाकच उंचवट्याला जाऊन भिडतं. रिक्षाचं पुढचं चाक अगदी नाकाशी असतं, त्याच्यापुढे लागण्यासारखं फार काही नसतं. म्हणून रिक्षा सरळ जाते.

तिरकं घेण्याने दोन गोष्टी साधतात. बंपरचे कोपरे मागे वळलेले असतात, त्यामुळे कोपऱ्याकडून गेलं की नाक टेकायच्या आधी एक चाक वर चढतं. आणि उंचवटा गाडीखालून तिरका सरकत असल्यामुळे बराच वेळ कुठलं ना कुठलं चाक त्याच्यावर असतं आणि गाडीला वर धरतं. आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली दबतं. म्हणून ब्रेक गतिरोधकाच्या आधीच लावावा आणि चढताना पाय काढून घ्यावा. एवढ्यानेही मोलाचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मिळतो.

कंपन्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. ९११ला जादा पैसे मोजून अशी यंत्रणा घेता येते की बटण दाबताच पुढचा भाग सुमारे ४ सेंटीमीटर वर उचलला जातो. अमेरिकेत शेवरोले कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीत तर गाडी उपग्रहाच्या मदतीने नाक घासेल अशा एक हजारापर्यंत जागा लक्षात ठेवते आणि त्या जागी पोचली की स्वतःहून नाक उचलते.

इतकं करूनही कधीतरी खर्रकन आवाज येतोच. बऱ्याच गाड्यांत हा आवाज बंपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीचा असतो. ती पट्टी घासण्यासाठीच बसवलेली असते आणि बदलता येते. आवाज गाडीच्या मध्यातून आला आणि नंतर पार्किंगमध्ये तेलाचे थेंब दिसले, तर मात्र इंजिन ऑइलच्या चेंबरला मार लागला आहे असं समजून गाडी तिथेच थांबवावी.

टायरची चार दुखणी

९११ कॅरेराच्या पुढच्या टायरवर २३५/४० आणि १९ असे आकडे असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. तिसरा रिमचा व्यास, इंचात. २३५चे ४० टक्के म्हणजे ९४ मिलिमीटर. एखाद्या साध्या छोट्या गाडीचा १६५/८०चा टायर घेतला तर ही भिंत १३२ मिलिमीटर उंच भरते. ९११ची भिंत बुटकी ठेवण्याचं कारण साधं आहे. उंच भिंत वळणावर वाकते आणि स्टिअरिंग वळवणं आणि गाडी वळणं यांत सूक्ष्म विलंब होतो. बुटकी भिंत ताठ राहते, गाडी लगेच ऐकते.

हीच बुटकी भिंत खड्ड्यात घात करते. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्या कात्रीत ती चेमटली जाते, आतले धागे तुटतात आणि हवेच्या दाबाने तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो आणि त्यावर महामार्गाला लागणं जिवावर बेतू शकतं. त्यात या गाड्यांत स्टेपनी नसते. वजन आणि जागा वाचवण्यासाठी तिच्याऐवजी एक छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली दिलेली असते. खिळ्याने पडलेलं भोक त्या द्रवाने बुजतं, फाटलेली भिंत बुजत नाही. मग सपाट फळीचा टोइंग ट्रक बोलवावा लागतो, आणि त्याचा उतार तीव्र असेल तर बुटकं नाक टेकू नये म्हणून चाकांखाली लाकडी फळ्या द्याव्या लागतात.

बेसमेंटमधली टकटक हे दुसरं दुखणं. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. वेगाच्या गाडीत ही जोडणी वेगातल्या हलक्या वळणांसाठी जुळवलेली असते. पार्किंगच्या पूर्ण वळणात दोन्ही चाकांना आपापल्या खऱ्या वाटेने जाता येत नाही. रुंद टायर रस्त्याला घट्ट धरून ठेवतो, रबर पिळत जातं आणि ताण असह्य झाला की एकदम सुटून पुढे सरकतं. तोच ‘टक्’ आवाज. गुळगुळीत रंग दिलेल्या फरशीवर हेच रबर चिरकतं. थंडीत रबर कडक असल्याने टकटक वाढते. काही मोडलेलं नसतं. स्टिअरिंग अगदी शेवटापर्यंत न नेता थोडं आधी थांबवलं की ती बरीच कमी होते.

तिसरं दुखणं लांब विश्रांतीनंतरचं. गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते. ताशी तीनशेच्या वेगासाठी बनवलेल्या टायरमध्ये रबराच्या पट्ट्याखाली नायलॉनच्या धाग्यांचा थर असतो. धावताना टायर तापतो, धागे मऊ होतात. तसाच गरम टायर घेऊन गाडी उभी केली की जमिनीला टेकलेला भाग दबलेल्या अवस्थेतच थंड होतो आणि तोच आकार धरून बसतो. पुन्हा तापला की धागे मोकळे होतात, थरथर थांबते. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र हा चपटेपणा कायमचा होऊ शकतो. त्यासाठी आठवड्या-पंधरवड्याने गाडी फूटभर पुढे-मागे करावी आणि लांब मुक्कामाला ठेवताना हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत ठेवावी.

चौथी गोष्ट काँक्रीटच्या रस्त्यावर कळते. रस्त्याला लांबीच्या दिशेने चर किंवा सांधा असला की रुंद, ताठ टायर त्याच्या कडेच्या मागे जाऊ पाहतो आणि स्टिअरिंग हातात हलकेच ओढ घेतं. दोन्ही हातांनी सैलसर धरून ठेवलं की गाडी आपली सरळ जाते. पण सपाट डांबरावरही ती सतत एकाच बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

पहिला ब्रेक का किंचाळतो?

ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणारं यंत्र. गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० वरून थांबायला जेवढी उष्णता तयार होते, तिच्या सोळापट ताशी २०० वरून थांबताना होते. ती सोसायला या गाड्यांच्या ब्रेक पॅडमध्ये धातूचा अंश जास्त असतो. गरम झाल्यावर असे पॅड उत्तम पकडतात, थंड असताना ते कडक राहतात.

कडक पॅड डिस्कला हलका टेकला की फळ्यावर खडू चिरकतो तेच इथे घडतं. पॅड क्षणभर चिकटतो, मग सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा. त्या कंपनात डिस्कही थरथरू लागते आणि एखाद्या मोठ्या झांजेइतका पृष्ठभाग आवाज हवेत सोडतो. जोरात ब्रेक लावला की पॅड घट्ट बसतो आणि किंचाळी थांबते, म्हणून सिग्नलला हळूहळू थांबतानाच ती जास्त ऐकू येते. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर आणखी एक भर पडते. डिस्क बिडाची असते, रात्रभरात तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये तो खरवडून निघतो आणि खरखर थांबते.

अलॉय व्हीलवर दोन दिवसांत बसणारी काळी पूड म्हणजे झिजलेल्या पॅडचे आणि डिस्कचेच कण. ती धुवायला आळस करू नये, कारण त्यात लोखंड असतं आणि ओल मिळाली की ते चाकाच्या रंगात चावत जातं. पोर्शेने २०१७ मध्ये कायेन या गाडीपासून टंगस्टन कार्बाइडचा अतिशय कठीण मुलामा दिलेली डिस्क आणली. ती झिजत फार कमी असल्याने पूडही कमी पडते. हे दाखवण्यासाठी कंपनीने तिच्यावर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरना चक्क पांढरा रंग दिला.

काळजी करावी असा आवाज वेगळा असतो. ब्रेकवर पाय नसतानाही सतत बारीक शीळ येत असेल, किंवा पाय ठेवल्यावर धातूवर धातू घासल्याचा घर्रर्र आवाज येत असेल, तर पॅड संपले आहेत.

पहाटेचा आवाज आणि सोसायटीची तक्रार

गाडी पहाटे सुरू केली की इंजिन पहिला मिनिटभर नेहमीपेक्षा जास्त फेऱ्यांवर गुरगुरत राहतं आणि मग एकदम शांत होतं. शेजाऱ्यांना वाटतं मालक मुद्दाम पाय दाबतो आहे. खरं तर ते काम गाडीचा संगणक करतो आणि तेही हवेसाठी.

सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम गटातल्या धातूंचा थर असतो आणि तिथे विषारी वायूंचं तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. पण हा डबा सुमारे २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. आधुनिक गाडीच्या एका फेरीतल्या प्रदूषणाचा मोठा वाटा या थंड पहिल्या मिनिटातच बाहेर पडतो. म्हणून संगणक डबा लवकरात लवकर तापवतो: इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. उशिरा पेटलेल्या इंधनाची उष्णता पिस्टन ढकलण्यात कमी खर्च होते आणि तशीच सायलेन्सरकडे जाते. आवाजही सोबत जातो. आवाज कमी अडावा म्हणून सायलेन्सर मोकळा ठेवलेला असला, तर तो गच्चीपर्यंत पोचतो.

फोर्डच्याच एका अभियंत्याच्या शेजाऱ्यांनी या आवाजापायी पोलिसांना बोलावलं होतं. त्यातून कंपनीने २०१८च्या मस्टँगमध्ये शांत सुरुवातीची सोय दिली. ठरावीक वेळांत सायलेन्सरमधल्या झडपा बंद राहतात आणि सुरू होतानाचा आवाज सुमारे १० डेसिबलने उतरून ७२च्या आसपास येतो. तुमच्या गाडीत अशी झडप आणि तिचं बटण असेल तर ते पहाटे जरूर वापरा.

इथे एक जुनी समजूत दुरुस्त करायला हवी. गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून ‘गरम करणं’ इंजिनाच्या भल्याचं नाही. जागेवर इंजिन फार हळू तापतं आणि तेवढा वेळ जादा पेट्रोल आत येत राहतं. आवाज उतरला की लगेच निघावं आणि हलक्या पायाने चालवावी. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापलं एवढाच अर्थ, इंजिन ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत म्हणूनच ऑइल थंड असेपर्यंत फेऱ्यांची मर्यादा खाली दाखवणारे दिवे असतात.

ट्रॅफिकमध्ये क्लच, बंद केल्यावर पंखा

९११च्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. गिअर बदलताना खंड पडत नाही तो यामुळे. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिन कमीत कमी फेऱ्यांवर असतानाही गाडी ताशी पाच-सात किलोमीटरने पुढे जाऊ पाहते. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या संध्याकाळच्या कोंडीत त्याहून हळू सरकायचं असतं. मग क्लचला अर्धवट घसरत राहावं लागतं आणि त्यातून उष्णता तयार होते, गाडी बारीक धक्के देते. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असल्यामुळे त्या बरंच सोसतात. १९९७च्या फेरारी एफ-३५५मधल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र एकच कोरडा क्लच होता आणि शहरात तो भराभर झिजत असे.

उपाय चालवण्यातच आहे. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नये. दोन-तीन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे जावं. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरणं सर्वात वाईट, तिथे ब्रेकच लावावा.

बंद केल्यावर फिरणाऱ्या पंख्याचं कारण सोपं आहे. इंजिन थांबतं तसा कूलंटचा प्रवाह मंदावतो, पण तापलेल्या धातूतली उष्णता बाहेर पडतच राहते आणि काही मिनिटं आतलं तापमान उलट वाढतं. पंखा ती उष्णता बाहेर काढतो. तो आपोआप बंद होईपर्यंत गाडीवर कव्हर घालू नये. ९११मध्ये इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांत आहेत. गुलमोहराची पानं, पिशव्यांचे तुकडे तिथे अडकून बसतात, पावसात भिजून कुजतात आणि एसीच्या कंडेन्सरचं ॲल्युमिनियम खातात. वर्षातून एकदा बंपर उतरवून तो कचरा साफ करून घेणं हा माझ्या मते या गाडीवरचा सर्वात सार्थकी लागणारा खर्च आहे.

उभ्या गाडीची बॅटरी

आपल्याकडे असे कित्येक मालक जूनमध्ये कव्हर घालतात ते दसऱ्याला काढतात. तेव्हा गाडी मुकी झालेली असते. बंद गाडीही थोडी जागी असते. अलार्म, किल्लीची चाहूल घेणारी यंत्रणा, ट्रॅकर, संगणकांची स्मृती यांना मिळून समजा ५० मिलिअँपिअर वीज लागते. दिवसाला ती १.२ अँपिअर-तास होते, महिन्याला ३६. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर एका महिन्यात ती निम्मी रिकामी. दुसऱ्या महिन्यात सेल्फ फिरवण्याइतका जोर तिच्यात उरत नाही.

याहून मोठं नुकसान आत होतं. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. रविवारी दहा मिनिटांची चक्कर मारणं याला उत्तर नाही, कारण ही बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरते, त्याला काही तास लागतात. कायम जोडून ठेवता येईल असा, बॅटरी भरली की आपोआप थांबणारा छोटा ट्रिकल चार्जर हे खरं उत्तर आहे. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर सोसायटीकडे रीतसर अर्ज करून, स्वतःच्या मीटरवर तो घ्यावा.

९११च्या अनेक पिढ्यांत यावर आणखी एक पेच आहे. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आणि बॉनेटचं कुलूप विजेवर चालणारं. बॅटरी मेली की बॉनेट उघडत नाही आणि बॉनेट उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. यासाठी आत पायांपाशी असलेल्या फ्यूजच्या डब्यात बाहेर ओढता येणारं एक धन टोक दिलेलं असतं. बाहेरच्या बॅटरीची वायर तिथे आणि दुसरी गाडीच्या उघड्या धातूला लावली की कुलूप उघडण्यापुरती वीज मिळते. ही जागा गरज पडायच्या आधी पुस्तिकेत वाचून ठेवावी, कारण त्या घाईत लोक चुकीच्या ठिकाणी वायर लावून महागडे संगणक जाळून घेतात.

दारांना चौकट नसलेल्या या गाड्यांत खटका ओढताच काच जराशी खाली येते आणि वरच्या रबरातून सुटते. बॅटरी मेली की काच जागची हलत नाही. तेव्हा दार हिसका देऊन उघडू नये, काच हाताने किंचित आत दाबून हळूच सोडवावी.

चौकट: काय सोडून द्यावं, काय मनावर घ्यावं

निर्धास्त राहा: थंड ब्रेकची किंचाळी, पावसानंतरची डिस्कवरची तांबूस छटा, पार्किंगमधली टायरची टकटक, पहिल्या पंधरा मिनिटांची थरथर, पहिल्या मिनिटाची गुरगुर, बंद केल्यावरचा पंखा.

लक्ष द्या: अर्ध्या तासानंतरही न थांबणारी थरथर, सपाट रस्त्यावर एका बाजूची ओढ, महिनाभर चार्ज न झालेली बॅटरी, रेडिएटरच्या तोंडात साठलेली पानं.

गाडी थांबवा: टायरच्या भिंतीवर फुगा, ब्रेकमधून धातू घासल्याचा आवाज, पोट आपटल्यानंतर जमिनीवर तेल, क्लच तापल्याचा इशारा.

न धावणाऱ्या गाडीचं वय

या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. साध्या गाडीचे टायर झिजून संपतात, म्हणून आपण नक्षीची खोली बघायला शिकलो आहोत. स्पोर्ट्स कार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच धावते आणि तिच्या टायरची नक्षी सात वर्षांनीही नवी दिसते. रबर मात्र धावलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता त्याला कडक करत जातात, भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. ब्रेक ऑइलही असंच उभ्या-उभ्या हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं.

जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायला जाल तेव्हा मीटरवरचे कमी किलोमीटर बघून लगेच खूश होऊ नका. खाली वाकून टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का शोधा. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ३५१८ असेल तर तो टायर २०१८च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला आहे. सहा वर्षांहून जुना असेल, तर नक्षी कितीही कोरी दिसली तरी चारही टायरची किंमत सौद्यातून वजा करा आणि नवे बसवूनच गाडी घरी न्या.